हादरलेलं रक्त

सुलभा देसले यांनी माझ्यासमोर दोन जीप सोडल्या.

मुरबाडच्या एसटी स्टँडबाहेर कल्याणची जीप भरायला एकच माणूस कमी होता. ड्रायव्हरने हाक मारली. त्या हलल्या नाहीत. दुसरी जीप आली, तीही भरून गेली. त्यांनी एक उभा स्टीलचा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. घड्याळ उजव्या हातात होतं, पण त्या पाहत होत्या डाव्या मनगटाकडे. तिथे बॉलपेनने वेळ लिहिलेली होती : ९.४०.

तिसऱ्या जीपचा ड्रायव्हर ओळखीचा असावा.

“ताय, रोज गाड्या सोडता. डब्यात अंडी हायेत का?”

“अंडी फुटली तर कळतं रे,” त्या म्हणाल्या. “हे फुटलेलं कळत नाय.”

त्यांच्यासारखाच मीही कल्याणच्या एसटीसाठी थांबलो होतो. घाई नाही का, असं विचारलं.

“आहे ना. चार तासांची. त्यातला एक गेला.”

“मग जीप का सोडली?”

“जीप हादरते. उशीर झालेलं रक्त मला ओळखू येतं. हादरलेलं रक्त खोटं बोलतं.”

डब्यात रक्त आहे हे मला असं कळलं. मी तेव्हा एका दैनिकाचा शहापूर-मुरबाडचा वार्ताहर होतो. बातमी मिळाली असं वाटून मी त्यांच्या शेजारची जागा धरली. त्या चाकांपासून लांब, गाडीच्या बरोबर मधल्या सीटवर बसल्या. तिथे कोणी बसलेलं असेल तर त्या उभ्या राहून त्याच्याकडे बघत. माणूस उठायचा. कल्याणपर्यंत त्यांनी डबा मांडीवरून हलवला नाही.

त्या मूळच्या मुरबाडजवळच्या. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत मायक्रोस्कोप चालवायच्या. काही माणसांना जन्मतःच रक्त न गोठण्याचा आजार असतो. जखम छोटी असली तरी रक्त वाहत राहतं. जखम नसली तरी गुडघ्यात, मांडीत आतल्या आत साचतं. रक्तात गोठण्यासाठी लागणारा जो घटक कमी असतो, तो इंजेक्शनने देता येतो. पण काहींचं शरीर त्या इंजेक्शनलाच शत्रू मानतं आणि ते निकामी करतं. अशांसाठी वेगळी औषधं आहेत. कोणतं औषध कोणाला चालेल, हे नेहमीच्या तपासण्यांत नीट कळत नाही. सुलभाताईंच्या विभागाचं काम तेच होतं : रुग्णाच्या रक्ताच्या नमुन्यात औषध घालायचं, रक्त गोठू द्यायचं आणि ते कसं गोठलं हे डोळ्यांनी पाहायचं.

त्यांनी मला ते एकदा दाखवलं. थंड, अंधारी खोली. खिडकीला काळा कागद. मायक्रोस्कोपमधून लेसरचा किरण रक्ताच्या एकेका पातळ थरावरून फिरत होता आणि संगणक ते थर एकमेकांवर रचत होता. पडद्यावर काळ्यात हिरवे धागे उमटू लागले. आधी दोन-चार, मग सगळीकडून. पाच मिनिटांत पडदाभर जाळं झालं.

“गोठणं म्हणजे हेच. जाळं विणायचं. त्यात रक्तपेशी अडकतात आणि वाहणं थांबतं.”

“हे चांगलं आहे का?” मी विचारलं.

“मला काय वाटतं ते विचारू नका. काय दिसतं ते विचारा.”

हे वाक्य त्या सगळ्यांना ऐकवत, विभागप्रमुखांनाही. चांगलं, वाईट, छान हे शब्द त्यांच्या तोंडी नव्हते. दोनच शेरे होते : दिसतंय आणि दिसत नाय. संस्थेत त्या शुद्ध बोलायच्या, पण या दुसऱ्या शेऱ्यातला ‘नाय’ त्यांनी कधी बदलला नाही. मायक्रोस्कोपला हात लावण्याआधी त्या चहा घेत नसत, कारण बोटं थरथरतात. बांगड्या घालत नसत. चालताना हात हलवत नसत, डबा नसतानाही. बाजारात मेथीची जुडी घेऊन निघाल्या तरी ती पोटाशी धरलेली असे. डब्याच्या आत त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या लावलेल्या होत्या आणि मध्ये लहानसा थर्मामीटर.

त्या स्वतःबद्दल सांगत नसत. एक गोष्ट मात्र त्यांच्या टेबलावरच्या जुन्या वहीत दिसत होती. तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त लागतं. कामाला लागल्यावर पहिले काही दिवस त्यांनी स्वतःचंच वापरलं. वहीत तारखेपुढे ‘सु. दे.’ असं लिहिलेलं. मग एका ओळीवर सरळ रेघ मारलेली आणि शेजारी : ‘जाळं उशिरा. विरळ. हे रक्त तुलनेस घेऊ नये.’ पुढच्या दिवसापासून दुसऱ्याची आद्याक्षरं होती.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“माझा मामा गेला,” त्या म्हणाल्या. “दाढ काढली, त्यानंतर तीन दिवसांनी. गावात म्हणाले बाहेरचं झालं. हा आजार आईकडून येतो. मलाही थोडा आला. दिसला, म्हणून लिहिला.”

मग त्यांनी वही मिटली आणि माझ्या चहाचा कप मायक्रोस्कोपपासून लांब सरकवला.

मी त्यांच्यावर लिहिलेला मजकूर त्यांना वाचायला दिला होता. त्यांनी ‘क्रांतिकारी’ हा शब्द खोडला, ‘आशेचा किरण’ खोडला. उरलेलं परत दिलं. “हे पण छापू नका. अजून दोनदा बघायचंय.” तो मजकूर छापला गेला नाही.

ज्यांचं रक्त त्या तपासत, त्यांतला हिरामण डोळखांबच्या बाजूचा. भातसा धरणाच्या फुगवट्याच्या काठाला त्यांचा पाडा. वय तिशीच्या आसपास. त्याला शेतात उभं राहता येत नसे. दोन्ही गुडघे लहानपणापासून रक्त साचून वाकडे झाले होते. तो बसून मासेमारीची जाळी विणायचा आणि दुरुस्त करायचा. आसपासच्या पाड्यांतले लोक फाटकी जाळी त्याच्या ओट्यावर आणून टाकत. त्याच्या हातात लाकडी सुई सारखी चालू असायची, बोलतानासुद्धा.

त्याच्या उजव्या मांडीत जुनं रक्त साचून गोळा झाला होता आणि तो वाढत होता. गोळा काढला नाही तर एक दिवस आत फुटणार होता. काढायचा तर शस्त्रक्रियेत रक्त थांबवणारं औषध हवं. नेहमीचं इंजेक्शन त्याच्या शरीराने केव्हाच निकामी केलं होतं. दोन औषधं शक्य होती. त्यांतलं एक मुंबईच्या रुग्णालयात हाताशी होतं आणि तिथल्या सर्जनच्या सवयीचं होतं. ते हिरामणच्या रक्ताला चालतं का, एवढाच प्रश्न होता. उत्तर चुकलं तर टेबलावरच रक्त थांबणार नव्हतं.

प्रत्येक प्रवासात त्याचा गुडघा सुजायचा, म्हणून रक्त गावातच घ्यायचं ठरलं. उपकेंद्रातल्या वनिता सिस्टरने साडेदहाला रक्त काढायचं, सुलभाताईंनी तिथूनच ते घेऊन निघायचं. शस्त्रक्रियेला चार दिवस होते. मे महिना होता. शहापूरहून निघालेली एसटी वाटेत बंद पडली. मी मागून मोटरसायकलवर येत होतो, त्यांना घेतलं. जाताना डबा रिकामा होता, म्हणून त्या मागे बसल्या. आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते.

वनिता सिस्टर दारातच उभी होती. या भागात उन्हातान्हातून पाड्यापाड्यांवर लस नेणारी बाई. लसीची एक बाटली तिच्या हातून कधी खराब झालेली नव्हती.

“ताय, काळजी नका करू. ठरल्या टायमाला काढलं. तुमी दिसला नाय, तर मी बर्फात ठेवलंय. जरासुद्धा गरम होऊ दिलं नाय.”

टेबलावर लसीची निळी पेटी होती. सुलभाताईंनी झाकण उघडलं. चारी बाजूंनी गोठलेली बर्फाची पाकिटं आणि मध्ये, कापसात गुंडाळून, हिरामणच्या रक्ताच्या नळ्या.

 त्यांनी एक नळी उचलून गालाला लावली आणि परत ठेवली.

“किती वेळ आहे बर्फात?”

“तास तरी झाला. का वो ताय?”

“लस थंड ठेवतात. हे रक्त थंड झालं की आपोआप चेकाळतं. आता ते नसलेलं जाळं दाखवेल.”

सिस्टरने पेटीचं झाकण लावलं. आतल्या खोलीत हिरामण खाटेवर पडून होता. सुई टोचल्या जागी सिस्टरने तासभर अंगठा दाबून धरला होता, तरी कोपरापाशी निळी सूज आली होती. उशाशी त्याची आई, सगुणाबाई.

“परत काढावं लागेल,” सुलभाताई म्हणाल्या.

“नाय.” सगुणाबाई उठून उभीच राहिली. “हा हात बग. एका सुईनं असा झालाय. आता दुसरा पण सुजवतेस गो बाय? काढलंय ना एकदा, तेच ने.”

“ते उपयोगाचं नाही मावशी.”

“तुजी गाडी बंद पडली, ती चूक माज्या पोराची हाय का?”

“नाही. माझी आहे.”

सगुणाबाई परत उशाशी बसली. पंखा बंद होता. बाहेर कोणी तरी सिस्टरला हाका मारत होतं. चार तासांची मुदत पुन्हा सुरू करायची तर ती लगेच व्हायला हवी होती. दुपारची एसटी पाऊण तासाने होती. सुलभाताईंनी समजावलं नाही, विनवलं नाही. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

हिरामण छताकडे बघत होता. “आय, जाळं टाकलं आन् रिकामं वर आलं तर परत टाकतंच ना माणूस?”

“ते पाण्यात टाकतात रे. तुज्या अंगात नाय.”

“टाकू दे.” त्याने डावा हात पुढे केला. “ताय, पन माजं जाळं मला दाखवायचं. फोटो काढून.”

“दाखवीन.”

 सुलभाताईंनी सिस्टरला आधी पाणी प्यायला लावलं. पट्टा हलका बांधायला सांगितला. पहिलं थोडं रक्त वेगळ्या नळीत घेऊन बाजूला ठेवलं, उरलेलं डब्यात. मनगटावरची सकाळी अंदाजाने लिहिलेली वेळ थुंकीने पुसून नवी लिहिली. सिस्टरच्या नोंदवहीत बाद नमुन्याचं कारण लिहायचा रकाना होता. तो त्यांनी स्वतः भरला : ‘सूचना अपुरी दिली. सु. दे.’

निघताना त्यांनी बर्फातल्या नळ्याही मागून घेतल्या.

“त्या कशाला?” मी विचारलं.

“खोटं कसं दिसतं, तेही बघायचं.”

दुपारच्या एसटीत त्या मधल्या सीटवर बसल्या. आसनगावला लोकल पकडून त्या चार तास संपायच्या वीस मिनिटं आधी संस्थेत पोचल्याचं नंतर कळलं.

दोन्ही औषधांना त्यांच्या विभागात नावं नव्हती. एका बाटलीला लाल झाकण, दुसरीला पिवळं. कोणतं औषध कुठल्या झाकणाखाली आहे, हे त्यांना कळू देत नसत आणि त्या विचारतही नसत. बर्फातल्या रक्तात लाल आणि पिवळं, दोन्हींची जाळी सारखीच दाट आली. डबा मांडीवर धरून आणलेल्या रक्तात पिवळ्याचं जाळं दाट आणि बारीक आलं. लालचं विरळ. जाड धागे, त्यांच्यामध्ये मोठमोठ्या काळ्या जागा. त्यांनी ते तीनदा नव्याने लावून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

सर्जनच्या सवयीचं, हाताशी असलेलं औषध लाल झाकणाचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत असताना सर्जनचा फोन आला. स्पीकर चालू होता, कारण त्यांचे हात कामात होते.

“थंड नमुन्यात तर दोन्ही सारखी आहेत. दुसराच नमुना चुकला नसेल कशावरून?”

“पहिला तासभर बर्फात होता. दुसरा माझ्या मांडीवर होता.”

“पिवळं मागवायचं तर शस्त्रक्रिया दोन दिवस पुढे जाईल. त्याची मांडी मी पाहिलीय. दोन दिवस थांबेल की नाही, सांगता येत नाही. तुमची पद्धत अजून प्रयोगात आहे, हे तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“तर मग तुमचं मत काय?”

“मत नाही माझ्याकडे. चित्र आहे. दोन्ही पाठवलीत.”

 तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. सुलभाताईंनी काचपट्टी जागेवर ठेवली. बोटं स्थिर होती. पण त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

संध्याकाळी निरोप आला : पिवळं मागवलं आहे.

हिरामणला मुंबईला आणलं होतं. शस्त्रक्रिया पुढे गेली ते दोन दिवस त्याची मांडी ताणत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी कातडी चकाकायला लागली. सगुणाबाई पदराने वारा घालत होती. सुलभाताई त्या वॉर्डात एकदाच आल्या, शब्द दिला होता म्हणून. मोठ्या कागदावर छापलेली दोन चित्रं त्यांनी हिरामणच्या छातीवर ठेवली.

तो बराच वेळ बघत राहिला. मग लालच्या चित्रावर नख टेकवलं.

“हे कुणी इनलंय? यातून चिलापी मासा काय, बैल जाईल.”

“आणि हे?”

त्याने पिवळ्याच्या चित्रावरून बोट फिरवलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सावकाश. “हे बारीक हाय. गाठी जवळ जवळ. हे माज्याच आंगातलं?”

“तुझ्याच.”

“मंग हे ठेवा.”

“ठेवणारी मी कोण? डॉक्टर ठेवतात.”

“त्यांना सांगा, हिरामणनं पास केलं.”

सुलभाताई हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच. सगुणाबाईने तोंड फिरवलं. “हसा,” ती म्हणाली, “दोन दीस हसायलाच घेतलेत.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी सुलभाताई रुग्णालयात आल्या नाहीत. दुसऱ्या रुग्णाचं रक्त यायचं होतं. मी आणि सगुणाबाई बाहेरच्या बाकावर होतो. सकाळी नऊला दार बंद झालं. अकराला एक परिचारिका रक्ताच्या दोन पिशव्या घेऊन धावत आत गेली. सगुणाबाई मला म्हणाली, “धावली ती. बगितलंस का?” मी बघितलं होतं. साडेबाराला दुसरी आत गेली, चालत. दोन वाजता सर्जन बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, “गोळा निघाला. सध्या कोरडं आहे.”

मी सुलभाताईंना फोन केला.

“कोरडं म्हणजे? पट्टी पाहिलीत का तुम्ही?”

“नाही. डॉक्टर म्हणाले.”

“मग पाहा आणि सांगा.”

पट्टी बघायला मिळाली दुसऱ्या दिवशी सकाळी.

“डाग आहे,” मी फोनवर सांगितलं.

“केवढा?”

“रुपयाएवढा.”

“पेनने कड आखून घ्या. सिस्टरला विचारून.”

मी आखून घेतली. परिचारिका माझ्याकडे संशयाने बघत होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला.

“आज केवढा?”

“रेघेच्या आतच आहे.”

“रेघेला टेकलाय की आत आहे?”

“आत आहे.”

पलीकडे मायक्रोस्कोपच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. 

“दिसतंय,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढे पावसाळा सरत आला तेव्हा माझी बदली झाली. जाण्याआधी मी डोळखांबच्या बाजूला एक फेरी मारली. उपकेंद्रात लसीच्या पेटीवर चिकटपट्टीने कागद लावलेला होता, वनिता सिस्टरच्या अक्षरात : ‘यात फक्त लस. रक्त ठेवू नये.’ कागदाची कडा उन्हाने पिवळी झाली होती.

हिरामणच्या ओट्यावर सुलभाताई होत्या. त्यांनी त्याची मांडी तपासली, व्रणावरून बोट फिरवलं, वहीत काही लिहिलं. त्या दिवशी नमुना घ्यायचा नव्हता. हिरामण काठी घेऊन पाण्यापर्यंत गेला आणि परत आला. हे आम्हाला दाखवण्यासाठीच होतं. सगुणाबाईने पिशवीत चार चिलापी बांधून दिल्या.

“डब्यात ठेव गो बाय. पिशवीतून पानी गळंल.”

“डब्यात नको मावशी. त्याला वास लागेल.”

“बगा, आजून डबाच मोठा हिला,” सगुणाबाई मला म्हणाली. पण तिनेच दुसरी पिशवी आणून मासे दुहेरी बांधले.

आम्ही नाक्यावर उभे राहिलो. एसटी यायला वेळ होता. शहापूरची जीप आली, पुढे जागा नव्हती, मागच्या बाकावर एक होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. सुलभाताईंनी डावं मनगट पाहिलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. त्या मागून आत चढल्या.

जीप नाक्यापुढच्या पहिल्याच खड्ड्यात उसळली. मागून दिसलं ते एवढंच : माशांची पिशवी पायाशी, डबा मांडीवर आडवा पडलेला, आणि त्यांचे दोन्ही हात वरच्या दांडीला.